वृद्धाश्रमाला हवे आहे येणे-जाणे

(वृद्धाश्रमांतील ज्येष्ठांना अन्न, वस्त्र आणि औषधांइतकीच माणसांच्या सहवासाची गरज असते. या विषयावर धुळे येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



आरंभीच एक कबुली देतो. तीस वर्षे मी पत्रकारितेत आहे. या काळात वृद्धाश्रमांतील कार्यक्रमांच्या किती बातम्या मी लिहिल्या असतील, याची गणती नाही. कधी कोणाचा वाढदिवस, कधी कोणाची पुण्यतिथी, कधी दिवाळीचा फराळ, कधी थंडीतले ब्लँकेटवाटप. मथळा ठरलेला, छायाचित्रही ठरलेले. देणारा कॅमेऱ्याकडे पाहतो आहे आणि घेणारा खाली पाहतो आहे.

अशाच एका दिवाळीत, आपल्याच भागातील एका वृद्धाश्रमात मी गेलो होतो. ओळीत बसलेल्या एका आजींना नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही मागच्या वर्षीही आले होते. वहीत लिहून नेलं होतं. माझं नाव काय, सांगा बरं?"

मला नाव आठवेना. जुन्या वहीत असेल, छापलेल्या बातमीत असेल, पण माझ्या मनात कुठेही नव्हते. आजी रागावल्या नाहीत. "राहू द्या, लाडू चांगला आहे," एवढेच म्हणाल्या आणि द्रोण पदराखाली घेतला.

मित्रहो, त्या दिवशी मला माझ्या तीस वर्षांच्या बातम्यांचे मोल कळले. आम्ही तेथे वस्तू घेऊन जात होतो, वस्तू ठेवून परत येत होतो. माणसांना भेटत नव्हतो. आज मला आपल्यापुढे एकच गोष्ट मांडायची आहे. वृद्धाश्रमाला दान हवे, यात शंका नाही. परंतु दानापेक्षाही त्याला येणे-जाणे हवे आहे. नेमाचे, ओळखीचे, काही मागणारे आणि काही सांगणारे येणे-जाणे.

भरलेले सभागृह, रिकामा दिवस

आपण समारंभाच्या दिवशी जातो, म्हणून वृद्धाश्रमाचा साधा दिवस कसा असतो हे आपल्याला ठाऊक नसते. म्हाताऱ्या माणसाला पहाटेच जाग येते. चहाला अजून अवकाश असतो. मग चहा, आंघोळ, नाश्ता, गोळ्या. बाराच्या सुमारास जेवण. त्यानंतर दुपार सुरू होते आणि ही दुपार संपता संपत नाही. सायंकाळी हरिपाठ किंवा आरती होते, दिवेलागणीनंतर लवकर जेवण होते आणि दिवे मालवले जातात. दूरचित्रवाणी संच सुरू असतो, पण समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना ऐकू येत नाही आणि उरलेल्यांना त्यातली घाईची भाषा कळत नाही.

आपण म्हणाल, तेथे तर पन्नास-साठ माणसे एकत्र राहतात. मग एकटेपणा कसला? मलाही पूर्वी असेच वाटे. परंतु गर्दी आणि सोबत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एस. टी. स्टँडवर माणसे पुष्कळ असतात, म्हणून आपण त्यास सहवास म्हणत नाही.

तेथील माणसे एकमेकांशी का बोलत नाहीत, याची कारणे मी पुढे अनेक ठिकाणी विचारून पाहिली. पहिले कारण अगदी साधे आहे. ऐकू येत नाही. दोनदा 'काय?' म्हणून विचारले की तिसऱ्यांदा विचारण्याची लाज वाटते आणि माणूस नुसता मान हलवू लागतो. दुसरे कारण संकोचाचे. बोलणे सुरू झाले की 'तुम्ही येथे कसे आलात?' हा प्रश्न येणारच आणि त्याचे उत्तर देणे कोणालाच नको असते. मुलाची अब्रू अजूनही आईनेच झाकायची असते. तिसरे कारण ऐकून मी गप्प झालो. एक निवृत्त शिक्षक मला म्हणाले, "शेजारच्या खाटेवर तीन वर्षांत तिघे झाले. जीव लावायचा आणि मग ती खाट धुऊन काढलेली पाहायची. नको वाटतं."

चौथे कारण आपल्या खानदेशाशी संबंधित आहे. त्याकडे मी नंतर येतो.

दोष कोणाला द्यायचा?

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की मुलांना आणि त्यातही सुनांना दोष देण्याची आपल्याकडे रीत आहे. टाळ्या मिळवण्यास ती सोयीची आहे. कृतघ्न मुले नाहीत, असे मी म्हणत नाही. परंतु सगळा प्रश्न कृतघ्नतेचा असता, तर चार कीर्तनांनी तो सुटला असता.

आपल्या धुळ्याच्या गल्ल्या पाहा. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या या सरळ गल्ल्यांत पूर्वी घराला ओटा असे. दुपारचे ऊन उतरले की ओट्यांवर सतरंज्या पडत. शेंगा सोलणे, गहू निवडणे, शेजारच्या मुलीच्या स्थळाची चौकशी हे सारे तेथेच होई. खेड्यात हेच काम पार करी. म्हाताऱ्या माणसाला करमणूक म्हणून काही वेगळे लागत नसे, कारण घरातला येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्यापुढून जाई आणि दोन शब्द टाकून जाई.

पुढे शेतीचे तुकडे झाले, पाऊस बेभरवशाचा झाला आणि खानदेशातील तरुण बाहेर पडला. कोणी सुरतेच्या कापड गिरण्यांत गेला, कोणी नाशिकच्या कारखान्यात, कोणी पुण्याला, तर कोणी संगणकाच्या बळावर थेट अमेरिकेत. तेथे त्याच्या वाट्याला दोन खोल्या आल्या. नवरा-बायको दोघेही नोकरीला. आईवडिलांना तेथे न्यावे तर दिवसभर कुलूपबंद घर. येथे ठेवावे तर रिकामे घर. आपल्याकडे कानबाईच्या रोटांना अजूनही भाऊबंद जमतात. सुरत-पुण्याची मंडळी श्रावणातल्या त्या रविवारसाठी गाडीने लटकत का होईना, येतात. याचा अर्थ ओढ संपलेली नाही. परंतु वर्षातला एक रविवार आणि उरलेले सारे दिवस, हे गणित कसे जमायचे?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. त्यानंतर ती वाढतच गेली आहे. आयुष्य वाढले ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण वाढलेली वर्षे कोणाच्या संगतीत काढायची, याचा विचार समाज म्हणून आपण केलेला नाही.

सरकारने काहीच केले नाही, असेही नाही. महाराष्ट्रात १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. त्यानंतर २००७ मध्ये केंद्राने आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठी कायदा केला. मुलांनी सांभाळले नाही तर प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सोय झाली. निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम असावा, अशी तरतूदही त्यात आहे. कायदा चांगला आहे. परंतु त्यात 'चरितार्थ' या शब्दाची व्याख्या पाहा. अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय उपचार. कायदा याहून अधिक काय सांगणार? मुलाने दरमहा इतके रुपये द्यावेत, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. मुलाने आईजवळ अर्धा तास बसावे आणि तिचे तेच ते बोलणे पुन्हा ऐकावे, असा आदेश मात्र ते न्यायाधिकरण देऊ शकत नाही. जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथूनच समाजाचे काम सुरू होते.

वैद्यकशास्त्र काय सांगते?

'गप्पा मारणे ठीक आहे, पण औषध-पाणी अधिक महत्त्वाचे,' असे काहींना वाटत असेल. त्यांच्यासाठी थोडे वैद्यकशास्त्र.

अमेरिकेतील ज्युलिअन होल्ट-लन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांचे सामाजिक संबंध बळकट होते, त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. स्मृतिभ्रंशाच्या प्रश्नावर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणे नोंदवली. उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांच्याच यादीत सामाजिक एकाकीपणा आहे आणि ऐकू कमी येणे हेही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात एकटेपणाशी संबंधित मृत्यूंचा अंदाज वर्षाला ८ लाख ७१ हजार इतका दिला आहे.

हे घडते कसे? त्यात गूढ काही नाही. ज्याच्याकडे कोणी येणार नाही, तो दाढी कशाला करील? ज्याला कोणाला भेटायचे नाही, तो अंगणापर्यंत तरी कशाला चालेल? चालणे थांबले की पाय जातात. एकट्याने खाल्लेला घास उतरत नाही. जेवण कमी झाले की अंगातली शक्ती जाते. बोलायला कोणी नसले की शब्द आठवण्याचे कामच उरत नाही आणि मग शब्द खरोखरच आठवेनासे होतात. 'आता वय झाले' असे म्हणून आपण जे सोडून देतो, त्यातले बरेचसे वयामुळे नव्हे, तर एकटेपणामुळे झालेले असते.

२०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा वृद्धाश्रमांची फाटके भेटीसाठी बंद झाली. ते आवश्यकही होते. पण त्या काळात आपण सारेच आपापल्या घरांत कोंडले गेलो होतो. फोन होते, दूरचित्रवाणी होती, धान्यही होते. तरीही दोन महिन्यांत आपण कसे कासावीस झालो, ते आठवून पाहा. वृद्धाश्रमातल्या अनेकांसाठी साथीपूर्वीही तोच दिनक्रम होता आणि साथ संपल्यावरही तोच राहिला.

आपल्याच मातीतली दोन उदाहरणे

आता आपल्या मातीकडे येऊ. याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा भावे होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, दर रविवारी एक याप्रमाणे, अठरा रविवारी त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. श्रोते होते त्यांचेच सहबंदी. साने गुरुजी त्यांत होते आणि त्यांनी ती प्रवचने लिहून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आपल्या हाती आला.

तुरुंग आणि वृद्धाश्रम यांची मी तुलना करीत नाही. परंतु भिंतींच्या आतले दिवस कसे असतात, हे दोन्हीकडच्या माणसांना कळते. सोमवार आणि गुरुवार यांत फरक उरत नाही. अशा वेळी ठरलेला रविवार, ठरलेला माणूस आणि ठरलेली बैठक यांनी त्या दिवसांना आकार दिला असला पाहिजे. मागच्या रविवारचे आठवायचे, पुढच्याची वाट पाहायची. आपण वृद्धाश्रमात विनोबा नेऊ शकणार नाही. पण ठरलेला रविवार तर नेऊ शकतो?

दुसरे उदाहरण जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांचे. १८८० ते १९५१ हा त्यांचा काळ. अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरात काम करता करता त्यांना गाणी सुचत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती कागदावर उतरवून घेतली. बहिणाबाईंच्या निधनानंतर ती आचार्य अत्रे यांच्यापर्यंत पोहोचली आणि १९५२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. बहिणाबाईंच्या प्रतिभेचे कौतुक आपण नेहमी करतो. मला आज ऐकणाऱ्यांचे कौतुक करायचे आहे. घरातल्या बाईचे जात्यावरचे बोलणे ऐकण्यासारखे आहे, असे त्यांना वाटले. ते वाटले नसते, तर मराठीचा केवढा ठेवा त्या माउलीबरोबर गेला असता!

प्रत्येक आजी बहिणाबाई नसते, हे मान्य. पण कोणती आजी काय घेऊन बसली आहे, हे तिच्याजवळ बसल्याशिवाय कळणार कसे?

माझी काकू

आता घरची गोष्ट. माझी एक काकू होती. लवकर वैधव्य आले, मूलबाळ नव्हते. आम्हा भावंडांना तिनेच वाढवले. सत्तरी उलटल्यावर पाय मोडला आणि एकटीने राहणे अशक्य झाले. माझे घर लहान, माझी नोकरी रात्रीची. सर्वांच्या विचाराने आम्ही तिला दुसऱ्या शहरातल्या एका चांगल्या वृद्धाश्रमात ठेवले. स्वच्छता होती, परिचारिका होत्या, जेवण उत्तम होते. पैसे मी वेळेवर भरीत होतो आणि दर रविवारी फोन करीत होतो. कर्तव्य पार पाडल्याचे समाधान मला होते.

हळूहळू फोनवरचे तिचे बोलणे कमी झाले. "बरी आहे", "जेवले", "ठेव आता". मग तेथून निरोप आला की काकू कोणाशी बोलत नाहीत, बहुधा स्मृतिभ्रंशाची सुरुवात असावी. मीही ते मान्य केले. वयच झाले होते.

काही महिन्यांनी तेथे स्वयंपाकाला साक्री तालुक्यातली एक बाई आली. पहिल्याच दिवशी ताट वाढताना तिने काकूला विचारले, "जेवन व्हयनं का, माय?" काकूने चमकून वर पाहिले. पुढच्या वेळी मी भेटायला गेलो तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती आणि कळण्याच्या भाकरीचे पीठ कसे मळावे, हे त्या बाईला अहिराणीत खडसावून सांगत होती!

हेच ते चौथे कारण. काकू आयुष्यभर अहिराणीत बोलली होती. पुस्तकी मराठी तिला समजे, पण तीत ती मोकळी होत नसे. तेथील सुशिक्षित मंडळींपुढे आपले बोलणे गावंढळ वाटेल, म्हणून तिने बोलणेच बंद केले होते. त्यात एका कानाने ऐकू येणे कमी झालेले. आम्ही ज्याला विस्मरण समजलो, ते मौन होते. मी तिला भरवशाचे छप्पर दिले होते, पण तिच्या भाषेत बोलणारे एक माणूस मी दिले नव्हते. ते तिला योगायोगाने मिळाले. पुढे दीड वर्षाने काकू गेली. ते दीड वर्ष तिचे बरे गेले, याचे श्रेय माझे नाही, हे मला आजही टोचते.

देणे पुरेसे नाही, मागितलेही पाहिजे

काकूच्या गोष्टीत आणखी एक धडा आहे. ती खुलली ती केवळ कोणी बोलले म्हणून नव्हे. तिला कोणी तरी काही विचारले म्हणून. तिच्याजवळचे काही तरी कोणाला हवे होते.

अमेरिकेतील एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एका वृद्धाश्रमात प्रयोग केला, तो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरील वृद्धांना सांगितले की तुमच्या खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, तुम्हाला आवडेल ते रोपटे निवडा आणि त्याला पाणी तुम्हीच घाला. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांनाही रोपटी दिली, पण पाणी परिचारिका घालतील, तुम्ही आराम करा, असे सांगितले. तीनच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरील मंडळी अधिक उत्साही आणि सावध दिसू लागली. रोपटी दोन्हीकडे होती. फरक जबाबदारीचा होता.

नेदरलँड्समध्ये डेव्हेंटर नावाच्या गावी एका वृद्धनिवासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना भाड्याविना खोल्या देतात. अट एकच. महिन्यातून तीस तास त्यांनी वृद्धांचे चांगले शेजारी म्हणून घालवायचे. आपल्याकडे शिक्षणासाठी धुळ्यात खोली शोधणारी शिरपूर-शिंदखेड्याची मुले थोडी आहेत का? आपल्या संस्थांनी यावर विचार करण्यास काय हरकत आहे?

आपल्या प्रदेशातही चांगले काम उभे राहिले आहे. जळगावजवळ सावखेडा येथे केशवस्मृती प्रतिष्ठानने मातोश्री आनंदाश्रम चालविला आहे. नावातच 'आनंद' आहे. तो आनंद टिकवण्याची जबाबदारी केवळ चालवणाऱ्या संस्थेची नसते. ती भोवतालच्या गावाचीही असते.

आपण काय करू शकतो?

कार्यकर्त्यांसमोर बोलताना केवळ हळहळ व्यक्त करून थांबता येत नाही. म्हणून काही साध्या सूचना करतो.

पहिली सूचना : शंभर जणांनी एकदा जाण्यापेक्षा पाच जणांनी वर्षभर जावे. वार ठरवा, वेळ ठरवा आणि ती पाळा. एका कार्यकर्त्याने तीन-चारच ज्येष्ठांशी ओळख ठेवावी. त्यांचे नाव, गाव, पूर्वीचा व्यवसाय पाठ असावा. येणे जमणार नसेल तर आधी कळवावे. वाट पाहणाऱ्याला न येणे फार लागते. जे वर्षभर निभणार नाही, त्याचे वचन देऊच नये.

दुसरी : कॅमेरा घरी ठेवावा. हे मी पत्रकार असून सांगतो आहे.

तिसरी : मुलांविषयी आपण होऊन विचारू नये. शेतीविषयी, नोकरीविषयी, माहेराविषयी, पाहिलेल्या पहिल्या सिनेमाविषयी विचारावे. रडवण्यासाठी जाऊ नये. समोर बसावे, तोंड दिसेल असे बसावे, सावकाश बोलावे, ओरडू नये. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्या कानांची तपासणी करून घ्यावी. एक चांगले श्रवणयंत्र आणि ते वापरायला शिकवणारा एक धीराचा माणूस, हे दान दहा फळवाटपांहून मोठे ठरेल. त्या यंत्राची बॅटरी वेळेवर बदलली जाते का, हेही पाहावे.

चौथी : काही मागावे. निवृत्त शिक्षकांकडे आपली मुले वाचन आणि पाढ्यांसाठी न्यावीत. आजींकडून खापरावरच्या मांड्यांची, बिबड्यांची कृती लिहून घ्यावी. आखाजीची गाणी, अहिराणीतल्या ओव्या, जुन्या दुष्काळांच्या आठवणी, हे सारे त्यांच्या संमतीने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. आपल्या शहरात राजवाड्यांच्या नावाचे इतिहास संशोधन मंडळ १९२७ पासून उभे आहे. कागदपत्रे गावोगाव हिंडून जमवण्याची परंपरा आपल्या रक्तात आहे. मग जिवंत दप्तरे का उघडू नयेत?

पाचवी : त्यांना बाहेर काढावे. सण वृद्धाश्रमात नेऊन साजरा करणे ठीकच. पण चालता येणाऱ्यांना रोटाच्या दिवशी घरी आणावे, एकविरा देवीच्या दर्शनाला न्यावे, नातवंडांच्या वयाच्या मुलांच्या स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत बसवावे. संस्थाचालकांनीही खुर्च्या भिंतीला लावून न ठेवता चार-चारांच्या घोळक्यात मांडाव्यात. एकाच भागातून आलेल्यांच्या खाटा जवळ ठेवाव्यात. भाजी निवडणे, तुळशीला पाणी घालणे, हजेरी घेणे अशी कामे ज्यांना हवी त्यांना द्यावीत.

आणि सहावी सूचना दूर राहणाऱ्या मुलांसाठी. फोन रोज करा, पण 'जेवलीस का?' एवढ्यावर थांबू नका. सल्ला विचारा. लोणच्याला मीठ किती, मुलीच्या तापावर काढा कोणता, गावाकडच्या शेताची हद्द कोठपर्यंत. ज्यांना तातडीची मदत किंवा माहिती हवी असेल, त्यांच्यासाठी १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तो प्रत्येक घरात लिहून ठेवा.

एक आक्षेप

शेवटी एका आक्षेपाचा विचार करू. 'वृद्धाश्रम ही आपली संस्कृती नाही. तेथे जाऊन आपण त्या प्रथेला खतपाणी घालत नाही काय?' असे मला नेहमी विचारले जाते. कुटुंब हीच आपल्या समाजाची खरी ताकद आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. घरात राहता येईल त्याने घरातच राहावे. परंतु जे तेथे गेले आहेत, त्यांना आपल्या तत्त्वाची शिक्षा कशासाठी? त्यांत निपुत्रिक आहेत, विधवा आहेत, ज्यांची मुले आधीच देवाघरी गेली असे आईबाप आहेत. संस्कृती म्हणजे एखादी इमारत नसावी असा आग्रह नव्हे. त्या इमारतीतल्या माणसाला परके वाटू न देणे, ही संस्कृती.

आणि या आक्षेपाला आणखी एक बाजू आहे. जयवंत दळवींचे 'संध्याछाया' आठवा. त्यातले नाना आणि नानी वृद्धाश्रमात नव्हते, स्वतःच्या घरातच होते. आज आपल्यापैकी किती घरांत मागच्या खोलीत एक खाट आहे आणि तिच्याकडे दिवसातून तीनदा फक्त ताट जाते? तेथे पाटी लागलेली नाही, एवढाच फरक. म्हणून वृद्धाश्रमाची पहिली फेरी आपल्या घरातल्या त्या खोलीपासून सुरू करावी.

ज्या आजींनी मला नाव विचारले, त्यांच्याकडे मी पुन्हा गेलो. पुढच्या दिवाळीची वाट न पाहता, पुढच्याच आठवड्यात, वही न घेता. आता मला त्यांचे नाव ठाऊक आहे. माहेर पांझरेकाठचे आहे, थोरली बहीण गौरीची गाणी सांगत असे, त्यांतली बरीच यांना पाठ आहेत. मी गेलो नाही तर पुढच्या खेपेला त्या बोलत नाहीत. दहा मिनिटे रुसतात. कोणी तरी आपल्यावर रुसावे, इतके आपण त्यांचे झालो, याचा मला आनंद आहे.

त्यांचे नाव मी येथे सांगणार नाही. तुमच्याही गावाजवळ अशा आजी आहेत, असे आजोबा आहेत. येत्या रविवारी जा आणि त्यांचे नाव त्यांनाच विचारा. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र ते विचारावे लागू नये.